दिल्लीचे तख्त आणि दक्षिणी फौजा

आमच्या रामनगराहून अनमोडचा घाट उतरून फोंड्याकडे गेले म्हणजे बांदोड्यास नागेशीच्या देवळाजवळ सोंदेकर राजांचा वाडा लागतो. ज्या सुपे भागात आम्ही राहतो तो एके काळी सोंद्याच्या राज्यात होता. (सुपे गाव स्वतः काळी नदीच्या धरणाखाली गेले व तेथील पुष्कळ कुटुंबे आज आमच्या गावात आहेत; पण तो विषय वेगळा.) १७६३-६४ मध्ये हैदरअलीने सोंदे घेतले तेव्हा तेथील राजा पोर्तुगीजांच्या आश्रयास गोव्यात उतरला. ही हकीकत वर्गात सांगताना मुले बहुधा विचारतात, "पोर्तुगीजांनी फौज देऊन त्याला परत गादीवर बसविले असते, तर?" मागच्या बाकावरील एखादा त्यापुढचाही प्रश्न विचारतो, "आणि मग ती फौज परत गेली असती, तर?"

हा दुसरा प्रश्न पोरकट नव्हे. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पडले तेव्हा अमेरिकेची शेवटची तुकडी अजून तेथील विमानतळावरच होती. त्यावरून पुष्कळांनी असा सिद्धान्त बांधला की, परक्या संगिनींवर उभे असलेले सरकार त्या संगिनी हलताच कोसळावयाचेच. परंतु त्याच अफगाणिस्तानातून १५ फेब्रुवारी १९८९ रोजी रशियन फौजा निघून गेल्या, आणि नजीबुल्लाचे सरकार, ते चार-सहा महिन्यांत पडेल असे सर्वत्र बोलले जात असताही, तीन वर्षांहून अधिक टिकले. तेव्हा नियम इतका सरळ नसावा. तो पडताळून पाहण्यास आमच्याच इतिहासात एक उदाहरण आहे, व ते असे की, तेथे एकच फौज एकाच तख्तापासून दोनदा माघारी गेली आणि दोन्ही वेळा परिणाम निराळे झाले. ते तख्त दिल्लीचे, बादशहा शाह आलम, आणि फौज आमचीच.

६ जानेवारी १७७२ रोजी महादजी शिंद्यांनी शाह आलमास अलाहाबादेहून आणून दिल्लीत प्रवेश करविला, हा प्रसंग पानिपतचा कलंक धुऊन काढणारा म्हणून आमच्याकडे सांगितला जातो, आणि त्यात चूक काहीच नाही. मात्र तख्तावर बसलेल्या माणसाच्या बाजूने पाहू गेल्यास या दक्षिणी फौजा परक्याच होत्या. त्यांच्याशी ठरलेली रक्कम चाळीस लाखांची होती, आणि बादशहाची तिजोरी रिकामी. पैशावरून कुरबूर वाढत गेली, ती इतकी की त्याच वर्षाच्या डिसेंबरात बादशहाचा सरदार मिर्झा नजफखान आणि मराठे यांच्यात खुद्द दिल्लीच्या परिसरात लढाई झाली. रक्षणकर्ता आणि रक्षित एकमेकांवर तोफा डागीत आहेत, असा तो देखावा होता. तत्पूर्वीच, १८ नोव्हेंबरला, थेऊर येथे माधवराव पेशव्यांचे निधन झाले होते. १७७३ च्या मध्यास मराठी सरदार दक्षिणेकडे वळले. दिल्ली सोडण्याचा हा निर्णय दिल्लीतील परिस्थितीवरून झाला नव्हता, तो पुण्याच्या घरगुती चिंतेतून झाला होता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. २९ फेब्रुवारी २०२० रोजी दोहा येथे ज्या करारान्वये अमेरिकन फौजा परत न्यावयाच्या ठरल्या, त्या करारात काबूलचे सरकार पक्षकारच नव्हते.

दिल्ली आता पडणार, असेच कोणीही म्हणाले असते. ती पडली नाही. नजफखान हा मूळचा इराणी, हिंदुस्थानात येऊन नशीब काढलेला. त्याच्यापाशी विशेष पैसा नव्हता. पण फौज उभी करावयाची तर तिला पगार देणारी जमीन हवी, हे त्याला उमगले होते. त्याने जाटांकडून १७७४ मध्ये आग्रा व १७७६ मध्ये डीग घेतले. समरू आणि मादेक यांच्यासारखे फिरंगी सरदार पलटणींसह त्याच्या चाकरीत आले, व त्यांच्या पगाराची सोय जहागिरी लावून देऊन झाली. हिशेब नेहमीच थकलेला असे, शिपाई वरचेवर धरणे धरीत. तरीही ती फौज बादशहाची होती, आणि तिचे पोट दिल्लीच्या आसपासच्या शेतसाऱ्यावर भरत होते. १७८२ च्या एप्रिलात नजफखान वारला, तोवर नऊ वर्षे हा गाडा कोणा परक्याच्या मदतीवाचून चालला.

दुसरी माघार याहून फार वेगळी आहे. नजफखानाच्या हाताखालचे सरदार त्याच्या मागे एकमेकांच्या उरावर बसले. मिर्झा शफी १७८३ मध्ये व अफरासियाबखान १७८४ मध्ये मारला गेला. त्रासलेल्या बादशहाने महादजींचा आधार धरला, आणि १७८४ च्या अखेरीस वकील-इ-मुतलक हे पद पेशव्यांच्या नावे व त्यांचे प्रतिनिधित्व महादजींच्या हाती आले. सर्व अधिकार एका हाती आले. बादशहाच्या खर्चास दरमहा एक लाख तीस हजार रुपये नेमून दिले गेले. म्हणजे बादशहास आता लढावयाचेही नव्हते आणि वसूलही करावयाचा नव्हता.

महादजींनी पुढे जे केले ते कोणत्याही दक्ष कारभाऱ्याने केले असते. जमिनी सरदारांनी बळकावलेल्या, हिशेब कोणी देईना, फौजेचा पगार तुंबलेला. त्यांनी जहागिरींची चौकशी आरंभिली, अनेक जप्त केल्या, आणि जयपुराकडे थकलेल्या खंडणीची मागणी केली. पण ज्यांच्या जहागिरी गेल्या तेच बादशाही फौजेचे अधिकारी होते. जुलै १७८७ मध्ये लालसोटच्या मोहिमेत महंमद बेग हमदानी शत्रूकडून लढला व पडला, त्याचा पुतण्या इस्माईल बेग लढत राहिला, आणि त्यांच्या मागोमाग बादशाही पलटणी तोफांसह मराठ्यांच्या छावणीतून उठून पलीकडे गेल्या. महादजींना माघार घ्यावी लागली. दिल्लीतील शिंद्यांचे लोकही शहर सोडून गेले.

यावेळी बादशहाजवळ स्वतःचे म्हणावे असे काय उरले होते? बेगम समरूच्या पलटणी काही काळ धावून आल्या, तेवढेच. नजीबखान रोहिल्याचा नातू गुलाम कादिर याने १७८७ मध्येच मीर बक्षीचे पद दरडावून घेतले होते. जुलै १७८८ मध्ये इस्माईल बेगासह तो पुन्हा आला, आणि महालाचा नाझर मन्सूर अली फितूर झाल्यामुळे थेट आत शिरला. पुरलेला खजिना सापडेल या आशेने त्याने महालाच्या फरशा उकरविल्या. जो धनी महिन्याच्या नेमणुकीवर जगत होता त्याच्या घरात खजिना कोठून सापडणार? १० ऑगस्टला त्याने वृद्ध बादशहाचे डोळे काढले.

नऊ वर्षे आणि एक वर्ष. हा फरक कशाने पडला? कोणी म्हणेल, नजफखान कर्तबगार होता व पुढे तसा माणूस राहिला नाही, एवढाच याचा अर्थ. हा आक्षेप आम्हांस पोकळ वाटत नाही; नजफखान जाताच त्याची घडी विसकटली, हे वर आलेच आहे. तथापि कर्तबगार माणूस १७८७ मध्येही होता. इस्माईल बेग हा उत्तम लढवय्या होता, आणि तो बादशहाच्या रक्षणकर्त्याविरुद्ध लढत होता. १७७३ मध्ये मराठ्यांचे रक्षण अपुरे व कटकटीचे होते, म्हणून दरबारास आपला सेनापती व आपली जमीन शोधणे भाग पडले. १७८५ नंतर ते इतके पूर्ण झाले की अशा माणसास आत जागाच राहिली नाही. महादजींविषयी आमच्या मनात आदर आहे, आणि म्हणूनच हे लिहिणे जड जाते.

नजीबुल्लाची गोष्टही याच्याशी ताडून पाहावी. त्याची फौज शस्त्रास्त्रे व पैसा मॉस्कोहून येत होता तोवर लढली. १९९१ अखेर ती रसद संपली, १९९२ च्या आरंभी दोस्तमचे सैन्य फिरले, आणि एप्रिलात सरकार गेले. दोस्तम उठून गेला तो प्रसंग लालसोटच्या पलटणींची आठवण करून देतो.

मराठे ऑक्टोबर १७८८ मध्ये दिल्लीस परतले. गुलाम कादिर मेरठेहून निसटताना सापडला व पुढच्या वर्षी मारला गेला. आंधळ्या शाह आलमास पुन्हा तख्तावर बसविण्यात आले व नेमणूकही पुन्हा सुरू झाली. सप्टेंबर १८०३ मध्ये इंग्रजांचा सेनापती लेक दिल्लीत आला तेव्हा तोच बादशहा तख्तावर होता. मराठी नेमणुकीच्या जागी इंग्रजी नेमणूक आली. त्याआधी चार वर्षे, १७९९ मध्ये, श्रीरंगपट्टणास टिपूचा अंत झाला होता, आणि सोंदे इंग्रजांकडे गेले होते. बांदोड्याच्या वाड्यातील मंडळी मात्र घाट चढून वर आली नाहीत.