तळटीप : कोमागाता मारू

१७. कोमागाता मारू : गुरदित सिंग यांनी भाड्याने घेतलेले जपानी जहाज. ३७६ प्रवाशांना (पैकी ३४० शीख) घेऊन ते २३ मे १९१४ रोजी व्हँकुव्हरला पोचले. मायदेशातून कुठेही न थांबता आलेल्यांनाच प्रवेश, असा कॅनडाचा १९०८ चा नियम होता. आणि हिंदुस्थानातून तशी थेट बोटच नव्हती. ब्रिटिश प्रजाजन असूनही प्रवासी दोन महिने जहाजावर अडकून पडले. मोजक्यांनाच उतरू दिले. लाकूडगिरण्यांत राबणाऱ्या स्थानिक शिखांनी वर्गणी काढून जहाजाचे भाडे भरले, वकील दिला. तरीही जहाज परतवले गेले. कोलकात्याजवळ बजबज येथे गोळीबारात अनेक प्रवासी मारले गेले.

कॅनडातील शिखांच्या राजकीय जागृतीची मुळे या अन्यायात आहेत. ब्रिटिश कोलंबियात मताधिकार मिळायला त्यांना १९४७ उजाडले. १८ मे २०१६ रोजी पंतप्रधान ट्रुडो यांनी संसदेत माफी मागितली, तेव्हा संरक्षणमंत्री हरजित सज्जन होते. १९१४ मध्ये जहाज हुसकावण्यासाठी वापरलेल्या पलटणीचेच नेतृत्व त्यांनी पुढे पगडी बांधून केले होते. प्रकरणात पुढे येणारी कॅनडातील शीख खासदारांची चर्चा या पार्श्वभूमीवर वाचावी. — संपादक