विश्लेषण : शिडाची सर्वांत वेगवान होडी कोणती? इंजिनाशिवाय ताशी 121 किमी वेग कसा शक्य झाला?

इंजिन नाही, इंधन नाही, फक्त वारा. तरीही ताशी 121 किलोमीटर! शिडाच्या होड्यांचा हा विक्रम 24 नोव्हेंबर 2012 रोजी नामिबियातील वॉल्विस बे येथे नोंदवला गेला. ऑस्ट्रेलियाचा पॉल लार्सन 'वेस्टास सेलरॉकेट 2' ही होडी एकटाच चालवत होता.

विक्रम मोजतात कसा?

वर्ल्ड सेलिंग स्पीड रेकॉर्ड कौन्सिल ही संस्था 1972 पासून हे विक्रम नोंदवते. 500 मीटरच्या सरळ रेषेतील सरासरी वेग धरला जातो, क्षणभर गाठलेला सर्वोच्च वेग नाही. एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किमी. सेलरॉकेटची सरासरी 65.45 नॉट होती, म्हणजे 500 मीटर अंतर 15 सेकंदांहून कमी वेळात पार झाले. समाजमाध्यमांवर फिरणारे अनेक 'विक्रमी' आकडे सर्वोच्च वेगाचे असतात. त्यांची या आकड्याशी तुलना करता येत नाही.

होडी की फळी?

गेल्या 50 वर्षांत हा मान सतत हात बदलत आला. 1972 मध्ये ब्रिटनच्या 'क्रॉसबो' होडीने 26.30 नॉट वेग गाठला. 1980 मध्ये 'क्रॉसबो 2'ने तो 36 नॉटवर नेला. 1986 मध्ये पास्कल माका याने साध्या विंडसर्फिंगच्या फळीवर 38.86 नॉट गाठून मोठ्या होड्यांना मागे टाकले. 1993 मध्ये 'यलो पेजेस एन्डेव्हर'ने 46.52 नॉटसह मान परत मिळवला, तर 2004 मध्ये फिनियन मेनार्डने 46.82 नॉटसह तो पुन्हा विंडसर्फिंगकडे आणला.

50 नॉटचा टप्पा सर्वप्रथम ओलांडला तो मात्र पतंगाने. 2008 मध्ये नामिबियातील ल्युडेरिट्झ येथे सेबास्तियन कातलाँ याने काइटसर्फिंग करत 50.26 नॉट वेग नोंदवला. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या 'हायड्रोप्टेर' या मोठ्या होडीने 51.36 नॉट गाठले, पण 2010 मध्ये रॉब डग्लसने पतंगावरच 55.65 नॉट नोंदवले.

वाऱ्यापेक्षा जास्त वेग कसा?

वारा पाठीमागून ढकलत असेल तर साधी होडी वाऱ्याच्या वेगापलीकडे जात नाही. वारा बाजूने घेतला की चित्र बदलते. शीड विमानाच्या पंखासारखे काम करते आणि होडी जसजशी धावते तसतसा तिला जाणवणारा वाराही वाढतो. दुचाकीवर वारा अंगावर येतो, तसाच हा प्रकार. विक्रमाच्या वेळी सेलरॉकेट वाऱ्याच्या दुपटीहून अधिक वेगाने धावत होती.

अडथळे कोणते?

पहिला अडथळा उलटण्याचा. शीड वरून ढकलते, पाण्याखालचे पाते खालून रोखून धरते, त्यामुळे होडी कलंडते. पतंगाची ओढ थेट स्वाराच्या शरीरावर येते आणि तो स्वतः झुकून ती तोलतो. सेलरॉकेटमध्ये पंखासारखे ताठ शीड एका बाजूला तिरके बसवले होते. शीड आणि पाते यांची बले एकाच रेषेत येत, म्हणून उलटवणारा जोर जवळपास उरत नसे. ही कल्पना अमेरिकी संशोधक बर्नार्ड स्मिथ यांनी 1960च्या दशकात मांडली होती. किंमत एकच : होडी फक्त एकाच बाजूचा वारा घेऊन धावू शकते. परतताना तिला ओढून आणावे लागते.

दुसरा अडथळा पाण्याचा. सुमारे 50 नॉटच्या पुढे पात्याभोवतीचा दाब इतका घटतो की पाण्याची वाफ होऊन बुडबुडे तयार होतात आणि पात्याची पकड सुटते. सेलरॉकेटच्या चमूने बुडबुडे टाळण्याऐवजी ते गृहीत धरून, मागची कड बोथट असलेले पाचरीसारखे पाते बनवले.

हे यश सहज आले नाही. 2008 मध्ये पहिली 'सेलरॉकेट' भर वेगात हवेत उचलली गेली आणि उलटून पडली. लार्सन थोडक्यात बचावला. त्यानंतर नवी होडी बांधण्यात आली.

नामिबियाच का?

तिथे किनाऱ्यालगत जोरदार वारा वाहतो, पण वाळूच्या पट्ट्याच्या आडोशाला पाणी सपाट राहते. लाटा उसळल्या तर एवढ्या वेगात होडी सावरणे अशक्य. ल्युडेरिट्झला तर त्यासाठी खास कालवाच खोदला आहे.

मग सर्वांत वेगवान कोण?

होड्यांमध्ये सेलरॉकेट 2. पतंगावर 2017 मध्ये फ्रान्सच्या अलेक्झांद्र केझेर्गने 57.97 नॉट गाठले, विंडसर्फिंगमध्ये 2015 मध्ये अँत्वान अल्बो याने 53.27 नॉट. आता स्वित्झर्लंडचा 'एसपी80' चमू होडीला पतंग जोडून 80 नॉट, म्हणजे ताशी 148 किमी गाठण्याच्या प्रयत्नात आहे. होडी आणि पतंग यांची जुनी स्पर्धा त्यात एकाच दोरीला बांधली गेली आहे.