पुसलेली टेप

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. आधी डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दिवाळी आली, आणि मग निव्वळ आळस. आज लिहायला बसले त्याला कारण आहे. शेवटी तुमच्यापैकी काहीजणांकडे एक काम आहे, तेव्हा पूर्ण वाचा.

दोन वर्षांपूर्वी लेकीकडे मँचेस्टरला तीन महिने राहून आले. बाहेर पाऊस आणि घरात मी, अशी अवस्था. एका शनिवारी जावई म्हणाले, "आई, तुम्ही इतिहासाच्या बाई ना? मग हे बघा, आवडेल." आणि त्यांनी कपाटातून एक जाडजूड खोकं काढलं. 'डॉक्टर हू' या मालिकेचा दुसरा सीझन. २०२२च्या डिसेंबरात निघालेला, नऊ ब्लू-रे तबकड्यांचा संच. मला वाटलं, यंत्रमानव आणि उडत्या तबकड्या, आपलं काय काम! पण बसले.

पहिला धक्का गोड होता. डॉक्टर नावाच्या त्या म्हाताऱ्या प्रवाशाबरोबर काळातून भटकणारी दोन माणसं चक्क शाळेतले शिक्षक आहेत! इयन विज्ञानाचा आणि बार्बरा इतिहासाची. नोव्हेंबर १९६३ मध्ये बीबीसीने ही मालिका सुरू केली, तेव्हा कल्पनाच अशी होती की मुलांना गोष्टीतून थोडं विज्ञान आणि थोडा इतिहास कळावा. (पहिली कथा दिग्दर्शित करणारे वारिस हुसेन हे मूळचे आपल्या लखनौचे, हे कळल्यावर मला उगीचच बरं वाटलं.) दुसरा सीझन ऑक्टोबर १९६४ ते जुलै १९६५ असा चालला. नऊ कथा, एकोणचाळीस भाग, सगळं काळं-पांढरं. लंडनवर चालून आलेले डालेक त्यात आहेतच, पण नीरोचं रोम आहे, १०६६ सालचं इंग्लंड आहे आणि तिसऱ्या धर्मयुद्धाची 'द क्रुसेड' ही चार भागांची कथा आहे.

ही कथा बघताना मी पुढे सरकून बसले. रिचर्ड राजा आपली बहीण जोआना हिचं लग्न सलादिनच्या भावाशी लावून युद्ध मिटवायचा घाट घालतो. ही लेखकाची कल्पना नव्हे. ११९१ साली खरोखरच तशी बोलणी झाली होती. बहिणीला हे समजल्यावर ती भावाला जे सुनावते, ते मला फार आवडलं. आणि सलादिन कुठेही खलनायक नाही, शहाणा राज्यकर्ता आहे. १९६५ साली मुलांच्या कार्यक्रमात हे दाखवलं, याचं मला कौतुक वाटलं.

पण गंमत पुढे आहे. चारपैकी पहिला आणि तिसरा भागच तसा पाहायला मिळतो. दुसऱ्या आणि चौथ्या भागाचा आवाज आहे, हलतं चित्र नाही. आपल्या विज्ञानाच्या मास्तरांना राजा सरदारकी देतो तो प्रसंग दुसऱ्या भागातला. तो नुसता कानांनी ऐकायचा.

मी विचारलं, "तबकडी खराब आहे का हो?"

जावई हसले. म्हणाले, "नाही आई. बीबीसीनेच पुसून टाकलं."

मला खरं वाटेना. मग पुढचे आठ दिवस लेकीच्या कॉम्प्युटरवर हेच वाचत बसले. त्या काळी कार्यक्रम दोन इंच रुंदीच्या टेपवर घेत. टेप महाग, पण पुसून पुन्हा वापरता येई. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे जुना कार्यक्रम कितीदाही दाखवायची सोय नव्हती. घरी कॅसेट लावून बघणं तर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पुढे रंगीत टीव्ही आला आणि काळ्या-पांढऱ्याला कोणी विचारेना. म्हणून टेपा पुसल्या. परदेशी विकण्यासाठी टीव्हीच्या पडद्यासमोर कॅमेरा लावून १६ मिलिमीटर फिल्मवर प्रती काढलेल्या असत, त्याही विक्रीची मुदत संपल्यावर सत्तरच्या दशकात नष्ट होऊ लागल्या. हे सगळं थांबलं ते १९७८च्या सुमारास. आणि या मालिकेची पहिली व्हिडिओ कॅसेट दुकानात आली १९८३ मध्ये. मध्ये जेमतेम पाच वर्षं! ज्याला कालपर्यंत कोणी रद्दीच्या भावानेही घेतलं नसतं, त्यासाठी लोक पैसे मोजू लागले. तोवर शंभराहून अधिक भाग गेले होते.

मग शोध सुरू झाला. जिथे जिथे प्रती विकल्या होत्या तिथे तिथे लोक चौकशी करू लागले. १०६६च्या कथेचे चारपैकी तीन भाग ऐंशीच्या दशकात नायजेरियातून परत आले. धर्मयुद्धाचा पहिला भाग १९९९च्या जानेवारीत न्यूझीलंडमधल्या एका फिल्म संग्राहकाकडे सापडला. त्याच वर्षी ती कथा व्हिडिओ कॅसेटवर आली, आणि हरवलेल्या भागांचा आवाज सोबत सीडीवर दिला. इयनचं काम करणारे विल्यम रसेल पुन्हा इयन होऊन मधला दुवा सांगायला उभे राहिले. शाळेत तासाला गैरहजर राहिलेल्या पोराला शेजारचा पोरगा काय शिकवलं ते सांगतो ना, तसं.

आणि आवाज तरी कुठून आला? घरोघरच्या मुलांकडून. टीव्हीजवळ टेपरेकॉर्डर ठेवून त्यांनी आपल्या आवडीपायी तो टिपून ठेवला होता. आजही या मालिकेचे नव्वदहून अधिक भाग बेपत्ता आहेत, पण आवाज सगळ्यांचा आहे. एवढ्या मोठ्या संस्थेला जमलं नाही ते शाळकरी पोरांनी केलं.

हे वाचून मला बीबीसीचा फार राग यायला हवा होता. तो आला नाही. कारण मी स्वतः हेच केलेलं आहे.

घरच्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी सांगते. १९८२च्या मे महिन्यात आमच्या अण्णामामांनी आजीला टेपरेकॉर्डरपुढे बसवून एक कॅसेट भरली होती. एका बाजूला जात्यावरच्या ओव्या. दुसऱ्या बाजूला ती १९१८च्या मानमोडीच्या साथीबद्दल बोलली होती. तेव्हा ती बारा वर्षांची होती. कोण आधी गेलं, पोचवायला माणसं कशी उरली नाहीत, विहिरीवर कोणी फिरकत नसे, असं काही काही. कॅसेट माझ्याकडे ठेवायला दिली होती. दोन वर्षांनी वक्तृत्व स्पर्धेसाठी मुलींची भाषणं टेप करायची होती, घरात कोरी कॅसेट नव्हती, महिनाअखेर होती. मी दुसऱ्या बाजूवर भाषणं टेप केली. मनात आलं, आजी काय, पुन्हा सांगेल की! पुढच्या पावसाळ्यात ती गेली.

वर्गात पोरांना 'साधनं जपा, साधनांशिवाय इतिहास नाही' असं सांगणारी मी! २०२० मध्ये कोरोनात सगळे घरात बसलो होतो, तेव्हा नातीने विचारलं, "आजी, शंभर वर्षांपूर्वी आपल्या घरी काय झालं होतं?" मला चार वाक्यांपलीकडे सांगता येईना. तेव्हा जे लागलं, ते अजून लागतं.

यात दुष्टपणा कुणाचाच नव्हता. टेप महाग होती, जागा कमी होती आणि उद्या कोण विचारणार, हे आपणच ठरवून टाकलं होतं. बीबीसीनेही आणि मीही.

आता काम. अण्णामामांनी तेव्हा डबल कॅसेट डेकवर एकदोन प्रती काढून भावंडांना दिल्या होत्या, असं मला अंधुक आठवतं. नायजेरियात सापडतं, न्यूझीलंडमध्ये सापडतं, तर आपल्या माणसांच्या माळ्यावर का सापडू नये? वाईकडच्या मंडळींनी आणि धाकट्या मावशीच्या मुलांनी जुन्या ट्रंका एकदा उघडून बघा. कॅसेटवर भजनाचं नाव लिहिलेलं असलं तरी दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐका. ओव्या ऐकू आल्या तर आधी मला फोन करा.

आणि घरात कोणी म्हातारं माणूस बोलत असेल तर मोबाईल समोर ठेवा. आता टेपही लागत नाही.