गोदूताईंच्या नावाने आलेला निरोप



मागच्या महिन्यात बोईसरच्या आमच्या भागातल्या सतरा जणी रोज बुडवून पालघरला जाऊन आल्या. मोबाईलवर एक मेसेज फिरला होता. वर माझा फोटो, माझं नाव आणि खाली लिहिलेलं, गटाचं कर्ज माफ होणार, उद्या दहा वाजता आधार कार्ड आणि पासबुक घेऊन या, उशीर करू नका. मी यातलं अक्षरही लिहिलं नव्हतं. दिवसभर उन्हात उभ्या राहून परत आल्यावर एक काकी मला म्हणाल्या, "तुझं नाव होतं म्हणून गेलो गं. दुसऱ्या कुणाचं असतं तर विचार केला असता."

काकींचं ते बोलणं डोक्यातून जाईना. त्यावरून आपल्याच मुलखातली 1945 सालची एक गोष्ट आठवली, ती आज सांगते. तेव्हा पालघर जिल्हा नव्हता, तो 2014 साली झाला. हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यात होता.

डहाणू, तलासरीकडचे वारली तेव्हा जमीनदारांकडे वेठीवर राबत. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघंही सावकाराची, ती फिटेपर्यंत, म्हणजे बहुतेक वेळा जन्मभर. त्यांना लग्नगडी म्हणत. बाईचे हाल तर तुम्ही ओळखालच, सगळं इथे बोलत नाही. अशा ठिकाणी गोदावरी परुळेकर आणि त्यांचे पती शामराव किसान सभेचं काम घेऊन आले. गोदूताई पुण्याच्या, वकिलीचं शिक्षण घेतलेल्या. पण त्या पाड्यापाड्यावर पायी फिरल्या, झोपडीत राहिल्या. 23 मे 1945 ला झरी गावात वारल्यांची परिषद भरली. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही, असं तिथे ठरलं. लोकांनी ते पाळलंसुद्धा.

मग पावसाळा सरला आणि गवत कापणीचा हंगाम आला. गवताच्या धंद्यात पैसा मोठा, पण कापणाऱ्याच्या हाती काही पडत नव्हतं. पाचशे पौंड, म्हणजे साधारण सव्वादोनशे किलो गवत कापायला अडीच रुपये द्या, अशी मागणी करून वारल्यांनी कोयते खाली ठेवले. गवत उभ्याउभ्या वाळायला लागलं. मालकांची चलबिचल सुरू झाली.

आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाड्यांवर एक निरोप पोचला. तलवाड्याला सभा आहे. गोदूताई येणार आहेत. जमीनदारांनी त्यांना मारायला गुंड आणलेत. काठ्या घेऊन लगेच निघा.

किसान सभेने अशी कुठलीही सभा बोलावली नव्हती. हा निरोप जमीनदारांच्या माणसांनी पसरवला होता, असं चळवळीतली मंडळी सांगतात. दुसरीकडे पोलिसांना वेगळीच खबर गेली, की वारली हत्यारं घेऊन जमतायत, हल्ला करणार आहेत. एकाच जमावाबद्दल दोन तोंडांनी दोन गोष्टी. पोलीस आले तेव्हा त्यांना खरोखरच काठ्या घेतलेली हजारो माणसं दिसली. त्यांना दिलेली खबर खरी ठरावी, अशी सोय आधीच करून ठेवलेली होती.

10 ऑक्टोबर 1945 ला तलवाड्यात गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मेले, कितीतरी जखमी झाले. चळवळीच्या हकिकतीत येतं की गोळ्या सुटत असतानाही लोक लवकर हलेनात, कारण गोदूताईंना वाचवायला आलोय, त्यांना सोडून कसं जायचं? आणि गोदूताई तर तिथे नव्हत्याच. मला या सगळ्यात सर्वात जास्त हेच लागतं.

सरकारने दोष चळवळीवर ठेवला आणि परुळेकर नवरा-बायकोला जिल्ह्यात यायची बंदी केली. म्हणजे त्यानंतर कुणी त्यांच्या नावाने काही सांगितलं असतं, तर समोर येऊन "हे मी बोलले नाही" म्हणायचीही त्यांना सोय नव्हती. पुढे गोदूताईंनी "जेव्हा माणूस जागा होतो" हे पुस्तक लिहिलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तुमच्या गावच्या वाचनालयात असेल तर नक्की मागून घ्या, थोडं थोडं वाचलं तरी चालेल.

वारली अडाणी होते म्हणून फसले, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. 2011 साली सीरिया देशात लोक सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरले होते. तेव्हा दमास्कस शहरातली अमिना नावाची मुलगी इंटरनेटवर तिथलं सगळं लिहायची. जूनमध्ये बातमी आली की तिला पळवून नेलं. जगभरच्या शिकलेल्या माणसांनी तिच्या सुटकेसाठी आवाज उठवला. सीरियातल्या काही कार्यकर्त्यांनी जीव धोक्यात घालून तिची चौकशी केली. आठवडाभरात उघड झालं की अमिना नावाची कुणी नाहीच, स्कॉटलंडमध्ये शिकणारा एक अमेरिकन पुरुष तिच्या नावाने लिहीत होता. फोटोही लंडनच्या एका भलत्याच बाईचा.

आपल्या जिल्ह्यातलं 2020 सालचं तर तुम्हाला माहीतच आहे. लॉकडाऊन होता, रात्री चोर येतात, मुलं पळवतात, किडनी काढतात असे मेसेज फिरत होते. गावोगाव पहारे बसले. 14 एप्रिलला सारणीकडून मदत वाटून येणाऱ्या डॉक्टरांच्या गाडीवर जमाव धावून गेला. ते वाचले. 16 एप्रिलच्या रात्री गडचिंचल्याला दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर मात्र वाचले नाहीत. ते अंत्यविधीला सुरतकडे निघाले होते. त्यानंतर याला धर्माचा रंग देणारे मेसेज देशभर फिरायला लागले. शेवटी राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्या 101 जणांची यादी जाहीर करून सांगावं लागलं की यात एकही मुसलमान नाही. शंभरावर घरांतले पुरुष तुरुंगात गेले. मागे शेती, पोरं, कोर्टाच्या तारखा कुणी सांभाळल्या असतील, ते तुम्हा-आम्हाला सांगायला नको.

आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत मी तलवाड्याची ही गोष्ट सांगितली. एकीने विचारलं, "त्या रात्री त्यांनी विचारायचं तरी कुणाला, ताई?" खरंच, फोन नाही, रस्ता नाही, एका रात्रीत गोदूताईंपर्यंत पोचणार कसं? आपल्याकडे निदान फोन आहे. म्हणून आम्ही ठरवलंय, माझ्या नावाने काहीही आलं तरी गटाच्या अध्यक्षबाईने मला फोन लावायचा, माझा आवाज ऐकायचा, मगच बाकीच्यांना सांगायचं. फोन लागला नाही तर कामावर जायचं, रोज बुडवायचा नाही. आणि "लगेच या" असं लिहिलेलं असेल तर आधी दुसऱ्या गटाला विचारायचं, की तुम्हाला काय निरोप आलाय?

त्या काकींनी माझा नंबर आता भिंतीवर, गॅसच्या शेगडीच्या वर खडूने लिहून ठेवलाय. परवा फोन आला होता, म्हणाल्या, काही काम नाही, लागतो का बघितलं.