झांक्ट गालेनचा मठ

७. झांक्ट गालेन : आजच्या ईशान्य स्वित्झर्लंडमधील बेनेडिक्टाइन मठ. इ. स. ६१२च्या सुमारास गॅलस नावाच्या साधूने इथल्या रानात पर्णकुटी बांधली. ७१९मध्ये ओटमारने त्याच जागी मठ उभारला आणि ७४७मध्ये तिथे संत बेनेडिक्टची नियमावली लागू झाली. लेखकाने वर ‘मठाचा आराखडा’ म्हटले आहे, तो नवव्या शतकाच्या पूर्वार्धात मठाधिपती गोझबर्टसाठी राइशेनाऊच्या मठात काढला गेला. चर्मपत्राचे पाच तुकडे एकमेकांना शिवून केलेल्या या नकाशावर चर्च, ग्रंथालय, भटारखाना, अगदी कोंबड्यांची खुराडीसुद्धा तांबड्या शाईच्या रेघांनी दाखवली आहेत. वैद्याच्या घराशेजारी औषधी वनस्पतींचे १६ वाफे आहेत. प्रत्येकावर त्या वनस्पतीचे लॅटिन नाव आहे, आणि त्यांत मेथी, जिरे, बडीशेप, पुदिना ही आपल्या स्वयंपाकघरातली मंडळी भेटतात.

९२६मध्ये मग्यार टोळ्या चालून आल्या, तेव्हा विबोराडा या एकांतवासी साध्वीने भिक्षूंना सर्वांत आधी ग्रंथ हलवायला सांगितले. ग्रंथ वाचले, ती मात्र आपली कुटी सोडून गेली नाही आणि हल्लेखोरांच्या हातून मारली गेली. पुढे १०४७मध्ये तिला संतपद मिळाले. १८०५मध्ये मठ बरखास्त झाला, तरी त्याचे ग्रंथालय टिकले. तो आराखडाही आज तिथेच जपलेला आहे. — संपा.