दिनविशेष : ४ मे

1980 : युगोस्लाव्हियाचे राष्ट्राध्यक्ष टिटो यांचं ल्युब्लियानात निधन झालं. देश शोकात बुडाला. त्याच वर्षी नोव्ही सादच्या ‘पेकिन्श्का पात्का’ या बँडचा ‘प्लित्का पोएझिया’ हा अल्बम झाग्रेबच्या युगोतोन कंपनीने काढला. सर्बियातल्या बँडचा तो पहिला पंक अल्बम मानला जातो.

बँडची सुरुवात 1978 ची. गायक नेबॉयशा चोंकिच ऊर्फ चोंता. गाणी वेगवान, छोटी, खट्याळ. एकाचं नावच ‘केस आखूड ठेवलेलेच बरे’ अशा अर्थाचं! लांब केसांच्या रॉकवाल्यांना इतकं थेट डिवचायला धमक लागते. 1981 च्या दुसऱ्या अल्बममध्ये सूर अधिक काळोखा झाला आणि त्याच वर्षी बँड फुटला. मात्र 2008 मध्ये मंडळी पुन्हा एकत्र आली.