केडिया वि. गिरधारीलाल (१९६५)

पूर्ण नाव भगवानदास गोवर्धनदास केडिया वि. गिरधारीलाल परशोत्तमदास आणि कंपनी. टेलिफोनवर ठरलेला सौदा कोणत्या गावी झाला असे मानायचे, याविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय (३० ऑगस्ट १९६५). प्रकरण न पोचलेल्या मालाचे. निवाड्यात मात्र मालाविषयी जेमतेम काही ओळी आहेत.

वाद : बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव ही वऱ्हाडातील कापसाची जुनी पेठ. तेथील केडिया जिनिंग फॅक्टरी अँड ऑइल मिल्सने सरकी पेंड देण्याचे २२ जुलै १९५९ रोजी तोंडी कबूल केले आणि ती दिली नाही, अशी अहमदाबादच्या गिरधारीलाल परशोत्तमदास कंपनीची तक्रार होती. बोलणे दूरध्वनीवरून, दोन गावांमध्ये झाले होते. कंपनीने अहमदाबादच्या नगर दिवाणी न्यायालयात रु. ३१,१५० चा दावा लावला. विक्रीचा प्रस्ताव खामगावहून आला, तो आम्ही अहमदाबादेत स्वीकारला, माल व पैसे दोन्ही अहमदाबादेतच द्यायचे-घ्यायचे होते, असे वादीचे म्हणणे. प्रतिवादीने हे सगळे उलटे मांडले : खरेदीचा प्रस्ताव तिकडून आला, होकार आम्ही खामगावात दिला, माल व पैसेही खामगावातच, तेव्हा दावा अहमदाबादेत चालूच शकत नाही.

खालचे निर्णय : दिवाणी न्यायालयाने घटना बहुतेक खामगावच्या बाजूने मानल्या. प्रस्ताव अहमदाबादचा, होकार खामगावचा, माल व पैसेही खामगावात. तरीही अधिकार स्वतःकडेच ठेवला, कारण होकार ऐकू आला तो अहमदाबादेत. गुजरात उच्च न्यायालयाने पुनर्निरीक्षण अर्ज प्रथमदर्शनीच फेटाळला. प्रकरण विशेष अनुमतीने दिल्लीत गेले.

बहुमत : न्या. जे. सी. शाह आणि न्या. कै. ना. वांच्छू. नुसता प्रस्ताव केल्याने त्या गावी वादकारण उद्भवत नाही. होकार प्रस्तावकर्त्याला कळतो तेथे मात्र करार पुरा होतो. पत्र टपालात पडले की करार झाला, हा इंग्लंडमध्ये १८१८ पासून रुळलेला नियम व्यापाराच्या सोयीसाठी केलेला अपवाद आहे. टेलिफोनवर बोलणारे एका अर्थाने समोरासमोरच असतात, म्हणून तो अपवाद त्यांना लागू नाही. आधार म्हणून टेलेक्सवरील १९५५ चा इंग्लिश 'एन्टोर्स' निवाडा घेतला. करार अधिनियम १८७२ चा, टेलिफोन त्यानंतरचा. कायदा रचणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे हे साधन असणे शक्य नव्हते, असेही बहुमताने म्हटले. अपील फेटाळले गेले.

भिन्नमत : न्या. मो. हिदायतुल्ला. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने निवाड्याचा सर्वांत वाचनीय भाग हाच. अधिनियमाच्या कलम ४ प्रमाणे होकार स्वीकारणाऱ्याच्या ताब्याबाहेर गेला की प्रस्तावकर्ता बांधला जातो. कलमात पत्र किंवा टपाल असा भेद नाही, आणि तारेवर उच्चारलेला शब्द तर त्याच क्षणी हातचा जातो. म्हणजे करार खामगावचा. कायदा टेलिफोनच्या आधीचा असला तरी त्याची भाषा लवचिक आहे आणि परक्या निवाड्यासाठी ती बाजूला सारू नये, असा त्यांचा रोख होता. शाह अहमदाबादचे वकील होते, तर हिदायतुल्ला नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश. त्यावरून काही सिद्ध होत नाही. तिघेही पुढे सरन्यायाधीश झाले.

पेंड व भाव : माल न दिल्याची नुकसानभरपाई सामान्यतः करारातला भाव आणि माल द्यायच्या दिवशीचा बाजारभाव यांतील फरकाने मोजतात.

पुढील वापर : निवाडा आजही टेलिफोनच्या सौद्यांना लागू आहे. ई-मेलला टेलिफोनचा नियम लावायचा की टपालाचा, यावर मतभेद दिसतात. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम १३ नुसार इलेक्ट्रॉनिक संदेश सामान्यतः घेणाऱ्याच्या व्यवसायस्थळी पोचला असे धरतात. म्हणजे बंगळूरच्या इंदिरानगरातील एखाद्या कंपनीने खामगावहून माल मागवला आणि होकार ई-मेलने आला, तर तो पडद्यावर जेथे कुठे वाचला असेल तेथे नव्हे, इंदिरानगरातच मिळाला असे ठरेल. व्यवहारात हा प्रश्न बिलाखालच्या 'बंगळूर न्यायक्षेत्राच्या अधीन' अशा ओळीनेच बहुधा सुटतो. त्या ओळीत 'फक्त' हा शब्द नसला तरी ती बंधनकारक ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 'स्वस्तिक गॅसेस' प्रकरणी २०१३ मध्ये सांगितले. मात्र ज्या न्यायालयाला मुळात अधिकारच नाही, त्याला तो करारातून देता येत नाही, आणि तेथे केडिया निवाडा पुन्हा काढावा लागतो.

अशा वादांसाठीची वेगळी व्यापारी न्यायालये २०१५ च्या अधिनियमाने आली. दाव्याच्या रकमेची किमान मर्यादा २०१८ मध्ये १ कोटीवरून ३ लाख रुपयांवर आणली गेली. तातडीचा दिलासा मागितला नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. रु. ३१,१५० चा दावा या मर्यादेत बसत नाही; तो आजही साध्या दिवाणी न्यायालयातच दाखल होईल.